काहीही करीन!

माणसाला फुकट सल्ला द्यायला तीन विषय फार आवडतात : दुखणे, लग्न आणि नोकरी. त्यांतल्या पहिल्या दोहोंच्या बाबतीत निदान शेवटी तरी 'एकदा डॉक्टरला दाखवा' किंवा 'मुलीलाही विचारून पाहा' अशी पुस्ती तो जोडतो. नोकरीच्या बाबतीत मात्र जो तो सर्वज्ञ असतो. जन्मभर एकाच कचेरीत, एकाच खुर्चीवर बसून ज्याने पेन्शन गाठली, तो गृहस्थसुद्धा शेजारच्या मुलाला 'काँप्युटरला मरण नाही' असे छातीठोकपणे सांगत असतो.

मी या सर्वज्ञांपैकीच एक. फरक इतकाच, की हा सल्ला देण्याबद्दल सरकार मला चौतीस वर्षे पगार देत होते. १९७४ साली मी सेवायोजन कार्यालयात कारकून म्हणून चिकटलो आणि २००८ साली कनिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. 'सेवायोजन कार्यालय' हे नाव पाटीवर रंगवलेले. लोकांच्या तोंडी मात्र 'एम्प्लॉयमेंट'. "एम्प्लॉयमेंटला नाव घातलंस का?" हा प्रश्न त्या काळी पास झालेल्या मुलाला हातावर पेढा पडतापडताच ऐकावा लागे.

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत मी 'नोकरीवाले नाना' झालो. संध्याकाळी कुणी ना कुणी आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलगा मान खाली घालून मोबाइलकडे पाहत बसतो आणि वडील म्हणतात, "नाना, याला जरा मार्गदर्शन करा. बिचारा काहीही करायला तयार आहे."

हे 'काहीही' कानांवर पडले, की मला माझे कचेरीतले पहिले टेबल आठवते.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ साली ही कार्यालये निघाली आणि पुढे ती सर्वांना खुली झाली. १९५९ साली रिकाम्या जागा कळवण्याच्या सक्तीचा कायदा झाला. तो अमलात आला १ मे १९६० रोजी, म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी! सरकारी कचेऱ्यांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपली रिकामी जागा आम्हाला कळवायची, असा त्याचा दंडक होता. मात्र सक्ती होती ती कळवण्याची. आम्ही पाठवलेला माणूस घेण्याची नव्हे. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ही मेख ठाऊक नसे. नाव घातले, एक्स-१० नंबरचे कार्ड हाती आले, म्हणजे आज ना उद्या 'कॉल' येणारच, अशा भरवशावर ती घरी जात. ते कार्ड देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवलेले मी पाहिले आहे.

नाव नोंदवताना उमेदवाराचा व्यवसाय लिहावा लागे. त्यासाठी 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण' नावाचा एक जाडजूड ग्रंथ टेबलावर असे. गवंड्यापासून ग्रंथपालापर्यंत आणि न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक धंद्याला त्यात एक क्रमांक होता. फक्त 'काहीही' या धंद्याला क्रमांक नव्हता. आणि समोर बसलेल्या दहांपैकी आठांचा धंदा नेमका तोच असे!

"काय येतं तुम्हाला?"

"काही नाही, साहेब. पण काहीही करीन."

माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी होती. १९७२ च्या दुष्काळाची झळ अजून विझली नव्हती. एक दिवस धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याबरोबर असाच एक नापास झालेला मुलगा आला. तेच प्रश्न, तीच उत्तरे. मी त्याच्या कार्डावर 'अकुशल' असे लिहिणार, एवढ्यात मागून आमच्या साहेबांनी माझा हात धरला. निवृत्तीला टेकलेला, तपकीर ओढणारा, मितभाषी माणूस. त्यांनी मुलाला स्टुलावर बसवले आणि म्हणाले, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, तेवढं सांग."

मुलगा सांगू लागला. उठला, धार काढली. मग शेजाऱ्याच्या विहिरीवरचे इंजिन सुरू होत नव्हते, तिकडे गेला. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, ती काढली. नोझल साफ केले. दुपारी दुसऱ्या वाडीवरून बोलावणे आले, तिथल्या इंजिनाचा पट्टा सारखा सुटत होता...

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. बघून बघून."

साहेबांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता लिहा." वर्षाच्या आत तो मुलगा एस. टी. च्या डेपोत हेल्पर म्हणून लागला. त्या दिवशी संध्याकाळी कपाटांना कुलपे लावताना साहेब मला म्हणाले, "बेकार माणसाची पहिल्यांदा जाते ती उमेद, आणि पाठोपाठ जाते स्मरणशक्ती. आपल्याला काय येतं हेच तो विसरतो. आपण नोकऱ्या देणारे नव्हे. आपण आठवण करून देणारे."

पुढे खात्याच्या प्रशिक्षणात मला कळले, की या विद्येलाही एक मूळपुरुष आहे. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरी व्यवसाय-मार्गदर्शनाचे पहिले कार्यालय उघडले. स्वतः हा माणूस इंजिनियर, मजूर, शाळामास्तर, वकील आणि प्राध्यापक इतकी सारी सोंगे करून आलेला. आणि कार्यालय उघडले त्याच वर्षी तो वारला. त्याचे पुस्तक १९०९ साली, त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे साधे होते : आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती काढा, आणि नंतर या दोहोंची डोळसपणे सांगड घाला. गंमत अशी, की आमच्याकडे येणारा जो तो दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करी. 'कुठे जागा आहे?' हा त्याचा पहिला प्रश्न. 'मी कोण?' हा प्रश्न त्याने वेदान्तासाठी राखून ठेवलेला!

दिवस पालटले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोकरभरती करताना आमच्याकडून नावे मागवावीत, पण वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सगळ्यांचाच विचार करावा. निर्णय न्यायाचाच होता. पण तसबिरीमागच्या कार्डाची किंमत त्याने उतरली. पुढे इंटरनेट आले. २०१५ साली केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ सुरू केले, आणि रांग मोबाइलमध्ये शिरली. २०१६ साली आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. आता अर्ज आधी यंत्र वाचते आणि मग जमल्यास माणूस. हे सारे मी मुलांना मोठ्या रुबाबात समजावून सांगतो. सोबत एक कानमंत्रही देतो, की जो तुमच्याकडूनच पैसे मागून नोकरीची हमी देतो, तो सल्लागार नव्हे. त्याच्या जिन्याची पायरी चढू नका.

इथवर वाचून माझ्याविषयी आपले मत बरे झाले असेल, तर वाचकहो, आता ते खाली आणण्याची वेळ आली आहे.

२०१२ साली आमच्या सौभाग्यवतींना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली (हे मी कृतज्ञतेने लिहितो आहे, चावटपणा समजू नये), पण उजवा हात गेला. नातू तेव्हा दीड वर्षाचा. सूनबाई अंधेरीच्या एका कंपनीत हिशेबखात्यात होती. नऊ वर्षांची नोकरी. सकाळी सातपन्नासची गाडी, रात्री आठाला घरी. चिरंजीव म्हणाले, "दिवसभराची बाई ठेवू." मी म्हणालो, "परक्या बाईवर घर टाकायचं? दोनचार वर्षांचा तर प्रश्न. नोकरी काय, पुन्हा मिळेल."

ज्या माणसाने चौतीस वर्षे हजारो उमेदवारांना 'दुसरी फांदी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नका' असे बजावले, त्याच माणसाचे हे उद्गार! परक्या माणसाला मी कधी इतका बेजबाबदार सल्ला दिला नसता. कचेरीत एखादी बाई असे काही विचारायला आली असती, तर मी तिला बसवून घेतले असते आणि पगार किती, रजा शिल्लक किती, बिनपगारी रजा मिळते का, असे दहा प्रश्न विचारले असते. घरात मी एकही विचारला नाही. सूनबाई "बरं, बाबा" म्हणाली. तो होकार होता की नुसता आज्ञाधारकपणा, हेही मी पाहिले नाही.

दोनचार वर्षांची अकरा झाली.

२०२३ च्या श्रावणातली गोष्ट. कोपऱ्यावरच्या दुकानात मी पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "नाना, तुमच्या सूनबाईंची प्रिंट राहिलीय, घेऊन जाता का?" तो तिचा नोकरीचा अर्ज होता. कुण्या सल्लागार संस्थेने पैसे घेऊन तो सजवला होता. 'गतिमान', 'ध्येयनिष्ठ', 'बहुकार्यकुशल' अशी विशेषणे इंग्रजीत ओळीने मांडलेली. शिक्षण होते, नऊ वर्षांची नोकरी होती, आणि २०१२ नंतर कोरा कागद.

मला न विचारता! 'नोकरीवाले नाना' ज्या घरात राहतात, त्या घरातल्या बाईने पैसे मोजून दुसऱ्याचा सल्ला घ्यावा, हे मला फार लागले. रात्री जेवणे झाल्यावर मी तिला समोर बसवले आणि माझे नेहमीचे व्याख्यान सुरू केले. अर्जात विशेषणे नकोत. लिंक्डइनवर नाव हवे. टाटा समूहाने २००८ सालीच मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी योजना काढली होती. तशा आता इतरही कंपन्या काढतात, त्या शोधाव्यात. "मुख्य अडचण ही अकरा वर्षांची पोकळी. मालक पहिल्यांदा तेच विचारणार."

सूनबाई खाली मान घालून ऐकत होती. सौ. डाव्या हाताने गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "पोकळी कुणी पाडली हो?"

मी गप्प झालो. पंखा तेवढा फिरत होता. सूनबाई उठून ओटा आवरायला गेली आणि नळ नेहमीपेक्षा मोठा सोडला गेला, एवढे माझ्या लक्षात आले.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या चुका मी अनेक वेळा मोजल्या आहेत. पण त्या उमेदवारांच्या कार्डांवरच्या होत्या आणि खाडाखोड करून सही ठोकली की दुरुस्त होत. ही चूक तशी पुसता येण्याजोगी नव्हती. पहाटे केव्हातरी तपकिरीचा वास आल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेत गेल्यावर मी कागद-पेन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हणालो, "व्याख्यान नाही देत. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, तेवढं सांग."

तिला हसू आले. "काय करणार, बाबा? नेहमीचंच."

"तेच सांग."

डबे, आईंचे व्यायाम, औषधे ही यादी झाली. मी लिहीत होतो. मग ती सहज म्हणाली, "दुपारी सोसायटीच्या पावत्या लावल्या. तीन थकबाकीदारांची पत्रं तयार केली. ऑडिटरांचा फोन आला होता. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च कुठल्या फंडातून टाकलाय, ते सांगितलं."

माझे पेन थांबले.

वाचकहो, २०१३ पासून आमच्या चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मानद खजिनदार मी होतो. पहिल्या वर्षी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले म्हणून सूनबाईने वह्या लिहायला घेतल्या, आणि नंतर त्या माझ्याकडे परत आल्याच नाहीत. वह्यांचे तिने काँप्युटरवर टॅलीत रूपांतर केले. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेव्हा दरमहा पाच हजारांच्या आतल्या वर्गणीवर तो लागत नाही, हे तिनेच वाचून काढले आणि मी ते सभेत ऐटीत सांगितले. दहा वर्षे मी फक्त सह्या केल्या. 'नानांचे हिशेब म्हणजे आरसा' असे म्हणून २०१९ च्या सभेत मला शाल-श्रीफळही मिळाले होते. ती शाल याच घरात, सूनबाईनेच घडी घालून ठेवलेली होती.

"अगं, मग हे अर्जात का लिहिलं नाहीस?"

"ते तर तुमचं काम होतं, बाबा. मी नुसतं लिहीत होते."

इंजिनांचा तो मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. 'कुणी न्हाई. बघून बघून.'

आता प्रश्न पुराव्याचा होता. कागदोपत्री प्रत्येक पानावर माझी सही. सूनबाई म्हणाली, "राहू द्या ना. तुम्हाला उगीच कमीपणा." तिला ते मनापासून वाटत होते, हे अधिक अवघड होते. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा होती. हिशेब मंजुरीचा विषय आला, तेव्हा मी उभा राहिलो आणि गेल्या दहा वर्षांचे हिशेब कुणी लिहिले, ते सांगून टाकले. शाल परत करतो, असेही म्हणालो. नारळाची मात्र चटणी झाली होती.

सभेत कुजबुज झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं खजिनदार भलताच!" मी खाली मान घातली. तेवढ्यात ऑडिटर उठले आणि शांतपणे म्हणाले, "यात नवीन काय? शंका आली की मी फोन त्यांनाच करत होतो. नानांना विचारलं, तर ते 'थांबा हं' म्हणून रिसीव्हर आतच नेत." सारी सभा हसली, आणि मीही. चिटणीसांनी दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या कागदावर दाखला लिहून दिला : काम काय, किती वर्षे, किती सभासद.

मग आम्ही दोघांनी अर्ज नव्याने लिहिला. विशेषणे सगळी काढली. घर सांभाळण्याला कसलेही भारदस्त इंग्रजी नाव दिले नाही. 'घरातील आजारपणामुळे पूर्ण वेळ नोकरी नव्हती' असे एक सरळ वाक्य घातले, आणि त्याखाली सोसायटीचे काम आकड्यांसह मांडले. तिने नोकरी सोडली तेव्हा व्हॅट आणि सेवाकर होता. म्हणून जीएसटीचा तीन महिन्यांचा वर्ग लावला. सौ.साठी अर्धा दिवस येणारी बाई ठेवली. परकी बाई! तिच्या वाचून आता सौ.चे पान हलत नाही.

पाच ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणी साहेबाने विचारले, "इतकी वर्षं घरीच होता का?" घरी येऊन तिने ते हसत सांगितले, पण त्या दिवशी ती जेवली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीतल्याच एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत तिला काम मिळाले. पगार २०१२ च्या पगारापेक्षा दोन हजारांनी जास्त; म्हणजे महागाई धरली तर बराच कमी. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण आज त्या जुन्या कंपनीत मॅनेजर आहे. तेव्हा ही कथा 'आणि मग सारे सुखी झाले' अशी संपवता येत नाही. माझ्या एका वाक्याची किंमत कुणी भरली, ते मला ठाऊक आहे. तिने कधी बोलून दाखवलेले नाही. म्हणूनच मी ते इथे लिहून ठेवतो आहे.

मार्गदर्शन मी अजून करतो, पण थोडे कमी बोलतो. वडील 'काहीही करील' म्हणाले, की मी त्यांना गॅलरीत बसवतो आणि मुलाला कालचा दिवस विचारतो. बरोबर आई आली असेल, तर तिलाही विचारतो. ती दचकते, तिला कुणी हा प्रश्न कधी विचारलेला नसतो.

सोसायटीचे हिशेब आता मी स्वतः लिहितो. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वही पाटावर ठेवायची, तर आदल्या दिवशी साडेतीनशे रुपयांचा मेळ बसेना. दुपारभर आकडेमोड केली. संध्याकाळी सूनबाई कचेरीतून आली. खांद्यावरची पर्स न काढताच तिने वहीवरून नजर फिरवली आणि अगदी सहज म्हणाली,

"बाबा, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, तेवढं सांगा."

मी सांगू लागलो. चहा, वर्तमानपत्र, देवपूजा... आणि हो, साडेदहाला गच्चीवरच्या टाकीचा कॉक बदलायला प्लंबर आला होता!

"किती दिलेत त्याला?" तिने विचारले, आणि पर्समधून पेन काढले.